भासासुराचं डोकं

काटेवाल्यांना आजवर कुणी फसवू शकलेलं नाही, ही गोष्ट साऱ्या इमारतीला माहीत होती. कारण ती त्यांनी स्वतःच ज्याला त्याला सांगून ठेवली होती. वजनमाप खात्यात ते निरीक्षक होते, म्हणून हे नाव पडलेलं. दुकानात शिरलं की आधी तराजू, मग वजनं, मग वजनांची बुडं आणि अगदी शेवटी दुकानदाराचा चेहरा, असा त्यांचा तपासणीचा क्रम. पारड्याच्या पालथ्या बाजूला चिकटवलेला मेणाचा एवढासा गोळा त्यांची बोटं न बघता शोधून काढत. याबद्दल खात्यात त्यांना मान होता. घरी नव्हता.

कारण ही सवय खात्यात ठेवून घरी येणं त्यांना कधी जमलं नाही. लेक लहान असताना रुमालातून नाणं गायब करून दाखवायची. काटेवाले म्हणायचे, "डाव्या बाहीत आहे." पत्त्यांची जादू शिकली, तर म्हणाले, "खालचं पान दुमडलंयस." त्यांना वाटे, आपण किती बारकाईने बघतो हे पाहून पोरीला आनंद होत असेल. पोरीने आधी जादू दाखवणं बंद केलं, मग चित्रं, मग निबंध. आता ती बारा वर्षांची झाली होती आणि तिच्या खोलीचं दार बहुतेक वेळ लोटलेलं असे. काटेवाल्यांना त्या लोटलेल्या दाराचं फार वाईट वाटे. एकदोनदा त्यांनी बिजागरीला तेल घालण्याच्या निमित्ताने आत डोकावून पाहिलं. पण बिजागरीला तरी किती तेल घालणार?

त्यामुळे एका संध्याकाळी लेक आपणहून समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तू धडकवीर होशील?" तेव्हा धडकवीर म्हणजे काय हे विचारायच्या आधीच ते हो म्हणून बसले.

मग खुलासा झाला. इमारतीच्या वार्षिक संमेलनात मुलांचं नाटक होतं. लेखन आणि दिग्दर्शन लेकीचं. धडकवीर हा सुपरहिरो. तो वाटेत येईल त्याला धडक देतो. त्याचा शत्रू भासासुर. भासासुर गुहेत राहतो आणि लोकांना नसलेल्या गोष्टी दाखवतो, असलेल्या लपवतो. त्याची सगळी शक्ती त्याच्या सोन्याच्या दातात आहे. धडकवीराचं काम आधी दुसऱ्या मजल्यावरच्या व्यायामशाळेच्या मास्तरांकडे होतं. पण फ्रीज एकट्याने सरकवून दाखवायला गेले आणि कंबर धरून बसले.

"म्हणून मग मी," काटेवाले म्हणाले.

"मग तीन जण नाही म्हणाले. मग तू."

"म्हणजे मी पाचवा?"

"चौथा. मास्तर धरले तर पाचवा."

काटेवाल्यांनी हा अपमान चहाबरोबर गिळला. लेकीने पुढे अट घातली. भासासुराची जादू कशी होते ते बाबाने विचारायचं नाही, शोधायचं नाही आणि तालमीच्या वेळी पडद्याआड जायचं नाही.

"अगं, पण मीच त्याच्याशी लढणार ना? मला कळलं तर काय बिघडलं?"

"तुला कळलं की तू सांगशील," लेक म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगशील. तुला राहवणारच नाही, बाबा."

हे ती रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साधेपणाने म्हणाली. काटेवाल्यांनी त्याच क्षणी मनाशी ठरवलं, की काहीही होवो, आपण तोंड उघडायचं नाही. विचारायचं नाही, हेही ठरवलं. शोधायचं नाही, एवढं मात्र ठरवता आलं नाही.

भासासुर कोण, हे कळल्यावर तर त्यांची झोपच उडाली. सर्वांत वरच्या मजल्यावर दातांचे निवृत्त डॉक्टर राहत. गोरेपान, तुळतुळीत डोक्याचे, बोलणं इतकं मऊ की ऐकणाऱ्याला गुंगी यावी. अंगाला कायम लवंगेच्या तेलाचा वास. इमारतीतल्या बहुतेकांचे दात कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेले होते. ते "दुखणार नाही हं" म्हणत आणि माणसाला ते खरं वाटे, पुन्हा पुन्हा खरं वाटे. काटेवाल्यांची अक्कलदाढ त्यांनी "नुसती बघतो" म्हणून काढली होती. आपल्याला कुणी फसवू शकत नाही या विधानाला तेवढा एक अपवाद होता आणि तो काटेवाले कुणाला सांगत नसत.

"भासासुर म्हणून तुला दुसरं कुणी सापडलंच नसतं," ते लेकीला म्हणाले. ही स्तुती होती की तक्रार, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

पहिलं संकट पोशाखाचं आलं. बायकोने दिवाणखान्याचा जुना लाल पडदा काढून त्याचा झगा केला आणि पायांसाठी पिवळी घट्ट विजार आणली. त्या विजारीवर वरून एक निळी चड्डी घालायची होती. काटेवाल्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"ही आतून घालतात," ते म्हणाले.

"सुपरहिरो वरून घालतात," लेक म्हणाली.

"का पण?"

समोरच्या काकू मदतीला म्हणून आल्या होत्या. त्या सोफ्यावर बसून नीट निरखत म्हणाल्या, "पोट जरा आत घ्या बघू."

"घेतलंय," काटेवाले म्हणाले.

काकूंनी विषय बदलला. त्यांचं मत पडलं की छातीवर काहीतरी चिन्ह हवं, म्हणजे लोकांचं लक्ष वरच राहील. लेकीने पुठ्ठ्याची लखलखीत वीज कापून चिकटवली. खात्याचा निरीक्षक छातीवर वीज आणि विजारीवर चड्डी घालून आरशात बघायला म्हणून आत गेला, तर कपाटाच्या दारावर आरसाच नव्हता. चार खिळ्यांच्या खुणा तेवढ्या होत्या.

"अगं, आरसा?"

"डाग पडले होते. दुरुस्तीला दिलाय," बायको म्हणाली आणि शिवणकामात मान घातली.

इथे वाचकांना सांगून टाकायला हरकत नाही, की आरसा दुरुस्तीला वगैरे दिला नव्हता. तो लेकीने नेला होता, समोरच्या काकूंचाही नेला होता, खुद्द सेक्रेटरींच्या घरचाही, आणि आणखी काही घरांतलेही. कशाला, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. काटेवाल्यांना पत्ता लागू द्यायचा नाही, एवढी एक अट होती आणि ती साऱ्या इमारतीने फार आनंदाने मान्य केली होती.

दुसरं संकट परवानगीचं. तळमजल्याचा हॉल सेक्रेटरींच्या ताब्यात होता आणि सेक्रेटरी हे नियमांचे माणूस होते. त्यांनी नाटकाची संहिता मागून घेतली आणि काटेवाल्यांना बोलावणं धाडलं.

"यात मारामारी आहे," सेक्रेटरी म्हणाले. "हॉलमध्ये मारामारीला मनाई आहे. नियम आहे तसा."

"सुपरहिरो आणि राक्षस आहेत हो. ते काय चर्चा करतील?"

"करू देत की. 'मतभेद' असं लिहून द्या, मी मंजूर करतो." त्यांनी पान उलटलं. "हा भासासुर. कितव्या मजल्यावर राहतो?"

"गुहेत."

"म्हणजे बाहेरचा. बाहेरच्या माणसाची गेटवर नोंद लागते."

"अहो, आपले डॉक्टर आहेत ते."

"डॉक्टर रहिवासी आहेत, भासासुर नाही. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

शेवटी भासासुर हा डॉक्टरांचा पाहुणा म्हणून नोंदला गेला. वॉचमनने त्याच्या नावापुढे 'वाहन नाही' असंही लिहून ठेवलं. निघताना काटेवाल्यांचं लक्ष सेक्रेटरींच्या भिंतीकडे गेलं. तिथे एक लांबट फिकट चौकोन होता आणि वर रिकामा खिळा. काटेवाले थबकले.

"इथे आरसा होता."

"पडला," सेक्रेटरी म्हणाले. नियम सोडून बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे त्यांचे कान लाल झाले.

वर येताना काटेवाल्यांनी काहीतरी निमित्त काढून काकूंच्या घरात डोकावून पाहिलं. तिथलाही आरसा गेलेला. मग मात्र त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. इमारतीत आरसेचोर शिरला होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सोसायटीकडे रीतसर तक्रार केली. आता तक्रार आली म्हणजे चौकशी आलीच. सेक्रेटरींनी नियमानुसार चौकशी समिती नेमली आणि अनुभवी माणूस म्हणून तिचे प्रमुख काटेवाल्यांनाच केलं. ते भिंग घेऊन घरोघर गेले. प्रत्येक घरात त्यांना चहा मिळाला आणि वेगळी हकिगत मिळाली. एकीने सांगितलं, आरसा मांजराने पाडला. घरात मांजर नव्हतं. मास्तर झोपल्या झोपल्या म्हणाले, आरशात बघितलं की कंबर दुखते, म्हणून काढून ठेवलाय. सारी इमारत त्यांच्या तोंडावर खोटं बोलत होती, आणि ते सगळं टिपून घेऊन मान डोलावत होते. वरच्या मजल्यावर डॉक्टरांनी दार उघडलं, लवंगेचा वास आला आणि काटेवाले जबडा धरून दोन पायऱ्या मागे सरकले.

"काही नाही हो," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले, "आरसे काय, येतील परत."

काटेवाल्यांना का कोण जाणे, हे लगेच पटलं.

इकडे तालमी चालू होत्या. तालमीत भासासुराच्या जागी एक स्टूल आणि त्यावर उपडी बादली असे, डॉक्टर पडद्यामागून संवाद म्हणत. लेकीने रंगमंचावर पुढून मागे एक पांढरा पट्टा आखला होता. धडकवीराने त्यावरूनच सरळ बादलीकडे चालत जायचं. डावीउजवीकडे पाऊल टाकायचं नाही.

"का?"

"धडकवीर सरळमार्गी आहे म्हणून."

काटेवाल्यांचं समाधान झालं नाही. सरळमार्गी माणसाला पट्टा कशाला लागतो? पट्ट्याच्या बाजूला काय आहे? तीन बाजूंनी काळा पडदा का, मागे एकच का नाही? खात्यात बसल्या बसल्या ते कागदावर स्टूल काढत, पडदे काढत, बाण काढत. एका किराणा दुकानात तर तपासणीच्या मधेच त्यांनी दुकानदाराला विचारलं, "तुम्हाला समजा नाहीसं व्हायचं असेल, तर तुम्ही काय कराल?" दुकानदाराने घाबरून सगळी वजनं नवी आणली.

शेवटचं संकट चष्म्याचं. काटेवाल्यांचा चष्मा जाड होता. तो काढला की त्यांना समोरचा माणूस बाई आहे की दरवाजा, एवढंसुद्धा खात्रीने सांगता येत नसे. लेकीने पहिल्याच तालमीत सांगितलं होतं, प्रयोगाला चष्मा नाही. चष्म्याचा सुपरहिरो म्हणजे मुलं हसतील. बायकोने डोळ्यात घालायच्या भिंगांची कल्पना काढली. चष्म्याच्या दुकानातल्या मुलीने दुपारभर खटपट केली. पण भिंग जवळ आलं की काटेवाल्यांचा डोळा आपोआप घट्ट मिटे. "एवढा मजबूत डोळा मी पाहिला नाही," ती शेवटी म्हणाली. ते भिंग कुठे पडलं ते सापडलं नाही, कारण ते शोधायला काटेवाल्यांनी चष्मा घातलेला नव्हता.

"पट्टा पांढरा आहे, दिसेल मला," त्यांनी लेकीला छातीठोकपणे सांगितलं.

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल भरला. पुढे सतरंजीवर मुलं, मागे खुर्च्यांवर मोठी माणसं. काटेवाल्यांनी पडद्याच्या कडेला चष्मा काढून बायकोच्या हातात दिला आणि सारं जग एकदम पातळ झालं. पांढरा पट्टा दिसत होता. पण शेजारी आणखी एक दिसत होता, आणि त्याच्याही पलीकडे एक. त्यांनी मधला पसंत केला.

पडदा उघडला आणि हॉलमधून एक मोठा "आऽऽ" आला.

लोकांना दिसलं ते असं: काळ्या गुहेत एक उंच टेबल. टेबलावर परात. परातीत डॉक्टरांचं तुळतुळीत डोकं, डोळे मिचकावणारं, हसणारं. आणि टेबलाखाली काही नाही. चारही पाय स्वच्छ दिसत होते, त्यांच्यामधून मागचा काळा पडदा दिसत होता. धड कुठेच नव्हतं. पहिल्या रांगेतली एक मुलगी रांगत रांगत मागे जाऊन आईच्या मांडीवर बसली.

काटेवाल्यांना दिसलं ते असं: काळं. त्यात मधे काहीतरी गुलाबी.

लोक कशाला एवढे दचकले, हे अख्ख्या हॉलमध्ये फक्त त्यांनाच कळलं नव्हतं. त्यांना कुतूहलाने इतकं घेरलं, की ते पहिला संवाद विसरले. "कुठे आहेस, भासासुरा?" हा दुसराच त्यांनी म्हटला, आणि तोही कोपऱ्यात लटकवलेल्या अग्निशामक नळकांड्याकडे बघून.

मुलं हसली. "इकडे," डोकं म्हणालं.

ते वळले, लवंगेच्या वासाच्या रोखाने निघाले. पट्टा केव्हाच सुटला होता. ते उजवीकडे, आणखी उजवीकडे गेले, आणि तेवढ्यात टेबलाखालच्या रिकाम्या जागेत लोकांना दोन पिवळे पाय दिसले.

"आई, त्याचे पाय तिकडे कसे?" एक मूल म्हणालं.

पडद्याआडून लेकीचा बारीक आवाज आला. "बाबा, पट्टा. पट्टा."

काटेवाल्यांनी घाईने पुढे पाऊल टाकलं आणि टेबलावर आदळले. धडकवीराकडून तशी धडक अपेक्षितच होती, म्हणून टाळ्या पडल्या. त्यांनी हात पुढे केला. हाताला उबदार, गुळगुळीत डोकं लागलं. ते चाचपडत मान शोधू लागले. मान होती. मानेखाली परात होती. परातीखाली लाकूड. मग हा माणूस बाकीचा कुठे गेला? त्यांनी वाकून टेबलाखाली हात घातला, तर बोटं एका थंडगार सपाट गोष्टीवर टेकली.

दुसऱ्या रांगेतून काकूंचा आवाज आला, "काटेवाले, खाली काय आहे हो? तुम्हीच सांगा. तुम्हाला कुणी फसवू शकत नाही."

त्यांची बोटं सवयीने कडेवरून फिरली. खालच्या कोपऱ्याला एक टवका होता. हा टवका त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. कपाटाच्या दारावर आरसा बसवताना त्यांच्याच हातून हातोडी निसटली होती आणि बायको त्यावरून आठवडाभर बोलली नव्हती. हा आमच्या कपाटाचा आरसा. मग पलीकडे काकूंचा; बाकीचे मापात बसले नसतील. तिरपे उभे केले, की आजूबाजूचे काळे पडदे त्यांत दिसणार आणि बघणाऱ्याला वाटणार, मागचाच पडदा दिसतोय. आणि डॉक्टर मागे बसलेत, टेबलाला पाडलेल्या भोकातून डोकं वर काढून. पट्ट्याबाहेरचा माणूस आरशात दिसतो, म्हणून पट्टा. सगळं एका क्षणात लख्ख उलगडलं. डॉक्टरांची जादू नव्हतीच ही. ही पोरीची होती. बारा वर्षांच्या पोरीने घरातल्या निरीक्षकाच्या नाकाखालून हे सगळं जमवलं होतं. त्यांचा ऊर भरून आला आणि त्याच वेळी उत्तर जिभेच्या टोकावर येऊन बसलं. जन्मभराची सवय. 'आरसा आहे', एवढे दोनच शब्द.

पडद्याआडचा आवाज थांबला होता. लेक आता काहीच सुचवत नव्हती. ती काय होणार याची वाट बघत होती, आणि काय होणार हे तिला माहीत होतं.

काटेवाल्यांनी हात बाहेर काढला. उभे राहिले, झगा सारखा केला आणि तराजू पास करताना खात्यात वापरतात त्या आवाजात म्हणाले, "तपासलं. खाली काही नाही. जागा रिकामी आहे."

काटेवाल्यांनी तपासलं म्हणजे झालं. ज्यांचे आरसे त्या टेबलाखाली होते, त्यांनीही क्षणभर विश्वास ठेवला. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. सेक्रेटरी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पुढे दाताचा प्रसंग होता. "जबडा उघड, भासासुरा," धडकवीर म्हणाला.

"दुखेल का?" डोक्याने विचारलं. हे संहितेत नव्हतं. आवाजात खरीखुरी काळजी होती.

काटेवाल्यांनी जमेल तेवढा आवाज मऊ केला. "दुखणार नाही हं."

हॉल असा हसला, की मास्तर कंबर धरून खुर्चीवरून खाली आले. साऱ्या इमारतीच्या दाढांचा सूड त्या संध्याकाळी उगवला गेला. धडकवीराने आधी चुकून नाक धरलं, मग दात सापडला. चॉकलेटचा सोनेरी कागद बोटांत चमकला, दिवे गेले, आले, आणि परात रिकामी होती.

माणसं पांगली. मुलं टेबलाकडे धावली. पण सेक्रेटरींनी नियम सांगून त्यांना बाहेर काढलं. बायकोने चष्मा आणून दिला. काटेवाले झगा सावरत एका खुर्चीवर बसून राहिले, टेबलाकडे पाठ करून. लेक येऊन समोर उभी राहिली.

"बाबा, तुझा हात लागला होता."

"कशाला?"

"तुला माहितीये कशाला."

"खाली काही नव्हतं," काटेवाले म्हणाले. "मी सर्वांसमोर सांगितलंय. आता मला शब्द फिरवता येणार नाही."

लेकीने त्यांचा हात धरला आणि त्यांना उठवलं. "चल, दाखवते," ती म्हणाली. तिने त्यांना टेबलासमोर उभं केलं, पट्ट्यावर नेलं, बाजूला नेलं, मागे नेऊन डॉक्टरांचं स्टूल दाखवलं. कोन कसा ठरवला, पडद्यांचं कापड एकाच ताग्यातलं का घेतलं, डॉक्टरांना शिंक आली असती तर काय करायचं होतं, हे सगळं ती भराभर सांगत सुटली. काटेवाल्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. ते ऐकत होते आणि दरवेळी काहीच कळलेलं नसल्यासारखे "मग?" विचारत होते. बऱ्याच गोष्टी त्यांना खरंच कळल्या नव्हत्या.

शेवटी ती थांबली. तिने त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "काही चूक दिसते?"

काटेवाले वाकले. आधी एक आरसा, मग दुसरा, मग दोन्हींमधली सांध, असं त्यांनी नीट क्रमाने पाहिलं.

"एक आहे," ते म्हणाले.

लेकीचा चेहरा उतरला.

बायकोच्या आरशावर, टवक्याच्या वरच, पाच बोटांचे आणि एका तळव्याचे ठसे उमटले होते. काटेवाल्यांनी झग्याचं टोक पुढे ओढलं, काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि ते ठसे पुसून काढले.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले.